आतून 'ऊठ ऊठ' होतं

आमच्या रुग्णालयातल्या मावशींना एका जागी स्वस्थ बसलेलं मी आठ वर्षांत चार-पाच वेळाच पाहिलंय. त्यांचा चहा कधी एका टेबलावर संपला नाही. पहिला घोट माझ्या खोलीत, दुसरा जिन्यात, तिसरा नोंदणीच्या खिडकीपाशी, आणि उरलेला अर्धा कप कुठल्या तरी कट्ट्यावर निवून गेलेला. लहानपणी घरात त्यांना भिंगरी म्हणायचे. आता वय त्रेपन्न, तरी त्यांचे भाऊ अजून त्याच नावानं हाक मारतात. यजमान लोकांना गाडी चालवायला शिकवतात, स्वभावानं अगदी थंड. एकदा मला म्हणाले, "दिवसभर लोकांना ब्रेक लावायला शिकवतो, आणि घरी आलो की बिनब्रेकची गाडी समोर."

अशा बाईंचं काम काय, तर मुलांना न हलता पडून राहायला शिकवणं.

मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर मेंदूचं स्कॅन करणारं यंत्र चालवतो. काचेच्या अलीकडं मी, पलीकडं यंत्राच्या बोगद्यात आडवं झालेलं माणूस. आठ वर्षांपूर्वी तिथं एक अभ्यास सुरू झाला. चौदा ते एकोणीस वयाची मुलं-मुली, ज्यांना नुकतेच नसलेले आवाज ऐकू यायला लागलेत किंवा सगळं जग आपल्याबद्दलच कुजबुजतंय असं पक्कं वाटायला लागलंय. आणि सोबत त्यांच्याच वयाची, असं काही नसलेली मुलं. सगळ्यांचं स्कॅन एकदा सुरुवातीला, एकदा सहा महिन्यांनी.

त्यात बघायचं काय, ते मोठ्या बाईंनी, म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांनी, आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. मूल काही न करता समोरच्या फुलीकडं बघत पडून राहिलं तरी मेंदूचं काम चालूच असतं. कधी या भागात रक्त जास्त येतं, कधी त्या. दोन लांबचे भाग एकाच लयीत चढत-उतरत असले, तर त्यांचं आपसांत बोलणं चालू आहे असं धरायचं. कोण कोणाशी बोलतं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, त्याचा नकाशा काढायचा. आजार नवा असताना या बोलण्यात काय बदलतं, ते शोधायचं.

"म्हणजे एकत्र कुटुंबासारखंच की," मावशी म्हणाल्या. "कोणाचं कोणाशी पटत नाही ते न सांगताच कळतं."

मोठ्या बाई हसल्या आणि मग खरी मेख सांगितली. डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी नकाशा बिघडतो. शेजारशेजारचे भाग उगाच गळ्यात गळा घातल्यासारखे दिसतात आणि लांबच्यांचं नातं तुटल्यासारखं वाटतं. धडधाकट पण चुळबुळ्या मुलाचं चित्र आजारी मुलासारखं येऊ शकतं. म्हणून जो हलला तो बाद. आणि या वयाची मुलं, त्यात घाबरलेली, हलल्याशिवाय राहत नाहीत. त्यासाठी मावशींना घेतलं होतं.

त्याआधी बावीस वर्षं त्या एका फोटो स्टुडिओत होत्या. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागं, आणि या त्याच्या शेजारी, तान्ह्या बाळांना आणि शाळेच्या ओळखपत्रासाठी आलेल्या पोरांना क्षणभर थांबवायला. पुढं लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओ बंद पडला. रुग्णालयाला मुलांशी बोलायची सवय असलेलं माणूस हवं होतं.

माझ्या खोलीला लागून एक खोटा बोगदा होता. प्लायवूडची फळी, तिच्यावर रुंद प्लास्टिकची नळी, आत स्पीकरमधून खऱ्या यंत्राचा ठणठणाट. कपाळाला एक चकती चिकटवायची. डोकं स्थिर असलं की पायाकडचा दिवा हिरवा, हललं की लाल. मावशी "हलू नकोस" असं कधी म्हणायच्या नाहीत. "हलू नकोस म्हटलं की नाकाला खाज सुटते," असं त्यांचं म्हणणं. त्या काम द्यायच्या. जीभ टाळूला टेकव. खांदे फळीला देऊन टाक. टाचा जड कर. आणि स्वतः मात्र बोगद्याभोवती फेऱ्या मारत बोलत राहायच्या. एकदा आम्ही आग्रहानं त्यांनाच आत घातलं. चाळीस सेकंदांत दिवा इतक्या वेळा लाल झाला की मी म्हटलं, "मावशी, तुमचा नकाशा काढला तर अख्खं गाव एकमेकांच्या गळ्यात पडलेलं दिसेल."

अभ्यासात नावं नसतात, क्रमांक असतात. मावशींना ते कधी रुचलं नाही. क्रमांक गुप्ततेसाठी आहेत हे त्यांना मान्य होतं, पण समोरच्या पोराला "ये रे सत्तावीस" म्हणायला जीभ वळत नाही म्हणायच्या. म्हणून त्या टोपणनावं ठेवायच्या, तीही मुलाला विचारून.

एकेचाळीस क्रमांकाची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा सोळा वर्षांची होती. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. खिशात कायम एक छोटी वही आणि कानामागं पेन्सिल. आईची कारखान्यात पाळी असायची, म्हणून तेच घेऊन यायचे. मुलीला भिंतीपलीकडचे शेजारी आपल्यावर हसताना ऐकू यायचे. पलीकडची खोली रिकामी होती, वडिलांनी किल्ली आणून दाखवली होती, तरी यायचे. शाळा सुटली होती. औषध नुकतंच सुरू होणार होतं.

ती खोट्या बोगद्यात आडवी झाली आणि दिवा हिरवा झाला तो हिरवाच राहिला. मावशींनी ठणठणाट वाढवला. हिरवा. दहा मिनिटं झाली. शेवटी मावशींनीच वाकून विचारलं, "अगं, जागी आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "भिंतीवर पाल असते ना, तशी राहते मी. घरी सवय झालीय. हललं की त्यांना कळतं मी आत आहे ते."

मावशींनी ठणठणाट बंद केला. म्हणाल्या, "मग तुला पालबाई म्हणू का?" मुलगी हसली. वडिलांनी दचकून तिच्याकडं पाहिलं. नंतर ते मला म्हणाले की चार महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली होती.

खऱ्या यंत्रातही ती तशीच राहिली. त्या वर्षातलं सगळ्यात स्वच्छ स्कॅन तिचं होतं.

सहा महिन्यांनी ती दुसऱ्या खेपेला आली, तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाही. अंगानं भरली होती, चेहरा थोडा सुजलेला, आणि दारात उभी असताना एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. बाकावर बसली की उठायची. उठली की परत बसायला जायची. वडील हलक्या आवाजात म्हणत होते, "दोन मिनिटं तरी नीट बस गं."

खोट्या बोगद्यात दिवा लाल झाला तो लालच. टाचा जड होईनात. मावशींनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या युक्त्या काढल्या. मुलगी म्हणत होती, "करतेय हो मावशी, करतेय." आणि पाय एकमेकांवरून चढत-उतरत होते.

मी तरीही तिला यंत्रात घेतलं, कारण पुढची मुलगी बाहेर ताटकळत होती. तीन वेळा सुरू केलं, तीन वेळा थांबवावं लागलं. मी माइकमधून जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "थोडं सहकार्य कर की." ती म्हणाली, "सॉरी सर." मी फॉर्मवर लिहिलं: हालचाल. सहकार्य नाही. बाद.

त्याच दिवशी वरच्या मजल्यावर तिची तपासणी होती. तिच्यावर उपचार करणारा तरुण डॉक्टर हुशार होता, पण त्याच्या दाराबाहेरची रांग जिन्यापर्यंत जायची. त्यानं विचारलं, इतकी अस्वस्थ का आहेस? ती म्हणाली, आतून ऊठ ऊठ म्हणतं. त्यानं कागदावर लिहिलं: हुकूम देणारे आवाज, नव्यानं. आणि गोळीचं प्रमाण वाढवलं. खालून आलेल्या माझ्या फॉर्मवरही 'सहकार्य नाही' असंच होतं. दोन कागदांनी एकमेकांना साक्ष दिली.

मावशींना मात्र तो दिवस पचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. हातात चहासुद्धा नव्हता.

"तू तिचा फॉर्म बदल," म्हणाल्या.

"काय बदलू? हलली ना ती."

"हलली. पण 'सहकार्य नाही' कशाला लिहिलंस? जी पोर पालीसारखी दहा मिनिटं श्वास धरून राहते, तिला सहकार्य म्हणजे काय ते तू शिकवणार?"

"आजार वाढला असेल, मावशी."

"असेल. मग तोंडावर भीती का नव्हती? आधी ती भिंतीकडं बघायची. काल सारखी खाली बघत होती, स्वतःच्या पायांकडं. कोणी दुसऱ्याचे पाय बघावेत तशी."

मी म्हटलं, बघू. कामाच्या गडबडीत 'बघू' म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. फॉर्म तसाच राहिला.

स्कॅन बाद झालं तर एकदा पुन्हा बोलवायची सोय होती. दोन आठवड्यांनी ती दोघं आली. वेळ सकाळी दहाची होती. ती आठलाच येऊन पटांगणात फेऱ्या मारत होती, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. पुढं मुलगी आणि दोन पावलं मागं वडील. वडिलांची दाढी वाढली होती.

"बसा ना," मावशी म्हणाल्या.

"बसत नाही ती," वडील म्हणाले. "जेवतेसुद्धा उभ्यानं. मी कामाला सुट्टी टाकलीय. रोज हिंडतो दोघं. बाजार, नदीचा पूल, परत बाजार. थांबलो की रडते. काल म्हणाली..." ते थांबले. मुलगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. ते आवाज उतरवून म्हणाले, "म्हणाली, बाबा, मला हे अंगच नकोय."

मावशींनी बोगद्याचा दिवा बंद केला. मला म्हणाल्या, "आज स्कॅन नाही." आणि मुलीकडं जाऊन म्हणाल्या, "चल पालबाई, आपण चालू. मलाही बसवत नाही."

आमच्या तळमजल्यावर एक लांबलचक बोळ आहे, या टोकाला यंत्र, त्या टोकाला कपडे धुण्याची खोली. त्या बोळात दोघी जवळपास पाऊण तास चालल्या. मी दार उघडं ठेवून माझं काम करत होतो आणि त्या जवळ आल्या की बोलणं कानावर पडायचं, लांब गेल्या की विरायचं.

"शेजारी बोलतात का अजून?"

"फार कमी. कधीतरी. ते आले तरी आता कळतं, की हे तेच आहे म्हणून."

पलीकडून परत येताना मावशी विचारत होत्या, "मग डॉक्टरांना सांगितलंस ते कोण म्हणतं, ऊठ ऊठ म्हणून?"

"कोण म्हणजे?"

"कोणाचा आवाज? बाईचा, पुरुषाचा? कानात येतो की डोक्यात?"

मुलगी चालता चालता गोंधळली. "आवाज नाही हो. आवाज कुठला. आतून होतं. पायातून. जसं... जसं जोरात लागलेली असताना थांबवत नाही, तसं सगळ्या अंगाला. ऊठ ऊठ होतं."

"म्हणतं, की होतं?"

"होतं."

"डॉक्टरांना 'म्हणतं' का सांगितलंस मग?"

"आपण बोलताना नाही का म्हणत, मन नको म्हणतं, पोट नको म्हणतं? तसं म्हटलं." मग ती म्हणाली, "ते पटापट लिहीत होते. मला वाटलं, त्यांना कळलं."

मावशी बोळाच्या मधोमध थांबल्या. मुलगी पुढं गेली, कारण तिला थांबता येत नव्हतं. मावशींनी तिला वडिलांकडं सोपवलं, माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या बाई कुठं आहेत?"

"वर. सभा चालू आहे. पाहुणे आलेत बाहेरून. मावशी, आत्ता नका जाऊ."

त्या निघून गेल्यावर मी पाच मिनिटं बटणं दाबत बसलो. मग मलाही बसवेना. मी त्यांच्या मागून गेलो, आणि म्हणून पुढचं मला डोळ्यांनी दिसलं.

सभेच्या खोलीत पडद्यावर आमच्याच मुलांच्या मेंदूचे नकाशे होते, रंगीत रेघांचं जाळं. डझनभर माणसं बसलेली. मावशींनी दार उघडलं, कोणाकडं न बघता सरळ मोठ्या बाईंजवळ गेल्या.

"जरा खाली येता का? पाच मिनिटं."

"काय झालं? कोणी पडलं का?"

"नाही. तुम्हाला एका मुलीचे पाय दाखवायचेत."

कोणीतरी हसलं. मोठ्या बाईंचा चेहरा कडक झाला. "मावशी, हे आत्ता? तिचे डॉक्टर आहेत ना बघायला?"

"त्यांनी कागद बघितला. पाय नाही बघितले."

"तुम्ही शिकवायला आहात. निदान करायला नाही."

"मी निदान कुठं करतेय? मी म्हणतेय, तुम्ही करा. ते करण्यासाठी खाली या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, मला लहानपणापासून बसवत नाही. पण मी चालते तेव्हा मला बरं वाटतं. ती पोर चालते तेव्हा तिला फक्त कमी वाईट वाटतं. आणि बापाला म्हणाली, हे अंगच नको."

शेवटचं वाक्य ऐकताच मोठ्या बाई उठल्या. पाहुण्यांना "दहा मिनिटं" एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरताना तरुण डॉक्टरला फोन करून खाली बोलावलं.

बोळात त्यांनी मुलीला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली आणि पाय जागच्या जागी चालायला लागले. खुर्चीवर बसवलं, मांड्या उघड-मीट व्हायला लागल्या, टाचा वर-खाली. मोठ्या बाईंनी तिचे हात हातात घेऊन मनगटं हळूच फिरवून बघितली. मग तिच्यासमोर खाली बसल्या, फरशीवर, आणि विचारलं, "हे तू करतेस, की थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही?"

"थोडं थांबवता येतं. मग आत जाळ होतो."

"कधीपासून?"

मुलीला सांगता येईना. वडिलांनी खिशातली छोटी वही काढली. लिफ्ट कधी अडकली, कोणता पट्टा कधी बदलला, हे लिहिण्याच्या त्याच पानांमध्ये त्यांनी मुलीचंही लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा गोळी वाढली ती तारीख. चार दिवसांनी: 'पाय हलतात.' नंतर: 'शाळेत परत गेली. वर्गात बसली नाही, बाईंची चिठ्ठी.' मग दोन आठवड्यांपूर्वी दुसरी वाढ. तिसऱ्या दिवशी: 'झोप नाही. चालते.' त्याच्या पुढच्या पानांवर रोज एकच शब्द होता, 'चालते'.

"हे तुम्ही डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"कोणी विचारलं नाही," वडील म्हणाले. "आणि मला वाटलं, मुद्दाम करते. मी ओरडलो तिच्यावर."

तरुण डॉक्टर वही हातात घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मोठ्या बाई त्याला सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. मुलीला मात्र नीट समजावलं. हा तुझा आजार वाढलेला नाही. या प्रकारच्या गोळ्यांनी काही जणांना असं होतं, आतून स्वस्थता जाते. आपण गोळी कमी करू, एक दुसरी देऊ, आणि नाहीच जमलं तर औषधच बदलू. तोवर बाबा तुझ्याबरोबर राहतील, आणि ते अंग नको असं वाटलं की कोणत्याही वेळी फोन करायचा.

मुलीनं विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही झाले अजून जास्त?"

"नाही."

तेव्हा ती खुर्चीवरून उठली आणि रडली. उभ्यानंच. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण ते डोकंही हलत होतं.

मोठ्या बाईंची दहा मिनिटं पाऊण तासावर गेली. वर पाहुणे खोळंबले होते.

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मावशींना तसं वाटलं नाही. त्या दुपारी पुन्हा माझ्या दारात.

"आतापर्यंत किती बाद केलीस?"

"काय?"

"हालचाल म्हणून. किती मुलं?"

मी मोजून सांगितलं. आजारी मुलांपैकी अकरा.

"त्या अकराजणांना गोळ्या होत्या?"

"असणार. सगळ्यांनाच असतात."

"मग वर पडद्यावर चित्र कोणाचं आहे?" त्या म्हणाल्या. "जे पडून राहू शकले त्यांचंच ना? ज्यांना बसवत नव्हतं त्यांना आपण दार दाखवलं, आणि म्हणतो, या आजारात डोक्यात असं असं होतं."

मी काहीतरी उत्तर दिलं, की बाद केलं नाही तर सगळाच नकाशा खोटा येईल. ते खरंही आहे. पण त्यांचा प्रश्न तेवढ्यानं मिटत नव्हता, हे मला बोलतानाच कळत होतं. मी ते अकरा फॉर्म काढले. सातांवर माझ्याच अक्षरात 'सहकार्य नाही' होतं.

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, अटीसह: मावशींनी फक्त विचारायचं, औषधाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, शंका आली की फोन थेट बाईंना जोडून द्यायचा. पुढचे तीन आठवडे मावशी लांब वायरचा फोन घेऊन माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. वायर खुर्च्यांच्या पायांत अडकायची, मी सोडवायचो. एका घरानं सांगितलं, मुलगा छान आहे, कामाला लागलाय. एकानं सांगितलं, पुन्हा फोन करू नका. तिघांनी औषध आपलं आपणच बंद केलं होतं. त्यांतला एक वॉर्डात परत आला होता. "का बंद केलं?" मावशी विचारायच्या. "बसवत नव्हतं," पलीकडून यायचं. प्रत्येक असा फोन झाला की त्या रिसीव्हर ठेवून बोळात एक फेरी मारून यायच्या, मगच पुढचा नंबर. घरी यजमान म्हणाले म्हणे, "तू झोपेतसुद्धा कोणाला तरी विचारतेस, बसता का म्हणून."

अकरांपैकी चौघं तसेच निघाले. चौघांचंही औषध बदललं. एका क्रमांकाचा, एकोणतीसचा, फोन वाजत राहायचा, कोणी उचलायचं नाही.

पालबाईचं एकदम गोड झालं असं नाही. पायांतला जाळ दहा-बारा दिवसांत उतरला. पण गोळी कमी झाली तसे भिंतीपलीकडचे शेजारी पुन्हा हसायला लागले. दुसरं औषध सुरू केलं, ते लागू पडायला दोन महिने गेले, आणि त्यात तिला दुपारीसुद्धा गुंगी असायची. शाळा अर्धा दिवस. वडील कामावर परत गेले, पण वही चालू होती.

तीन महिन्यांनी ती आपणहून स्कॅनला आली. मावशींनी तिला दोनदा सांगितलं, नको असेल तर नको. ती म्हणाली, "करायचंय. मागच्या वेळी जमलं नव्हतं." मावशींनी तिला खोट्या बोगद्यात घेतलंच नाही. सरळ माझ्याकडं पाठवलं. मी माइकवर म्हणालो, "कधीही थांबावंसं वाटलं तर सांग, आपण थांबू." दहा मिनिटं ती पडून राहिली. पालीसारखी नाही, दोनदा गिळताना डोकं जरासं हललं. पण चालण्यासारखं होतं.

बाहेर आल्यावर तिनं मावशींना विचारलं, "माझ्या डोक्यात काय दिसलं?"

"एकटीचं काही सांगता येत नाही म्हणे," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांचं एकत्र करून मग काय ते कळतं."

"मग त्यात मी कुठं असणार?"

 मावशी तिच्या केसांत अडकलेली यंत्रातली पट्टी सोडवत होत्या. म्हणाल्या, "ते मलापण विचारायचंय त्यांना." वडील दारात उभे होते. मुलगी सॅक खांद्याला लावून त्यांच्याबरोबर गेली. बस चुकेल म्हणून दोघंही घाईत होती.

आता आमच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे. मोठ्या बाईंना तिथं वैद्यकीय शब्द घालायचा होता. मावशी म्हणाल्या, तो शब्द बघून कोणती आई उत्तर देणार? शेवटी प्रश्न असा छापला: 'आतून बसवत नाही, असं होतं का? कधीपासून?' तरुण डॉक्टर हल्ली रांग कितीही असली तरी मुलांना आधी उभं करून पाय बघतो. आणि बाद केलेल्या मुलांच्या फॉर्मचा एक वेगळा गठ्ठा ठेवला जातो. तो फेकायचा नाही, प्रत्येकाला कारण विचारायचं. नकाशावर त्यांना कुठं जागा द्यायची ते अजून कोणालाच कळलेलं नाही. मोठ्या बाई स्वतः तसं सांगतात.

एकोणतीसचा नंबर मावशी दर मंगळवारी लावत राहिल्या. मी म्हटलं, नंबर बदलला असेल, सोडा आता. त्या म्हणाल्या, बदलला असता तर वाजला नसता.

गेल्या महिन्यात तो उचलला गेला. पलीकडं एक बाई होती. मावशींनी कुठून बोलतो ते सांगितलं, मुलगी कशी आहे विचारलं. मी समोरच होतो. बाई म्हणाली, बरी आहे, नोकरी करते, पार्सलं पोचवायची. गाडी देतात कंपनीवाले, पण ती पायीच जाते. चालायला आवडतं तिला.

मावशींची येरझार थांबली.

"घरी आल्यावर बसते का?"



"बसत नाही हो," बाई म्हणाली. "दीड वर्ष झालं. आम्ही म्हटलं, स्वभावच झाला तिचा. तुम्हाला कसं कळलं?"

"उद्या सकाळी तिला घेऊन येता?" मावशी म्हणाल्या. त्यांनी पेनासाठी माझ्याकडं हात केला. मी पेन दिलं आणि मोठ्या बाईंना बोलवायला निघालो. मागं त्या पत्ता सांगत होत्या, कुठल्या बसनं यायचं, कुठल्या दारानं, आणि जिना कुठं उतरायचा.